जल्लोषाच्या दिवसांत न विचारलेले प्रश्न

24 जुलै 2008 रोजी बर्लिनच्या विजयस्तंभापाशी बराक ओबामा यांचे भाषण ऐकायला सुमारे 2 लाख लोक जमले होते. ओबामा तेव्हा राष्ट्राध्यक्ष तर नव्हतेच, पण डेमोक्रॅटिक पक्षाची अधिकृत उमेदवारीही त्यांना मिळायची होती, कारण उमेदवार ठरवणारे पक्षाचे डेन्व्हरचे अधिवेशन महिनाभर लांब होते. त्या गर्दीतल्या बहुतेकांना अमेरिकेत मतदानाचा अधिकार नव्हता. तरीही त्या दिवशीच्या वार्तांकनात भाषणातील धोरणांपेक्षा गर्दीच मोठी बातमी ठरली. आठवडाभरात रिपब्लिकन प्रतिस्पर्धी जॉन मॅकेन यांनी एक जाहिरात काढली. तिच्यात ओबामांना जगातील सर्वांत मोठे सेलिब्रिटी म्हटले होते आणि त्यांच्या दृश्यांना ब्रिटनी स्पीअर्स आणि पॅरिस हिल्टन यांची दृश्ये जोडलेली होती. जाहिरात उथळ होती, यात शंका नाही. पण हा माणूस राज्यकारभाराला तयार आहे का, हा तिच्यातला प्रश्न रास्त होता. जाहिरातीच्या उथळपणावर भरपूर चर्चा झाली आणि त्या चर्चेत प्रश्न मागे पडला.

मतदारांच्या आनंदाबद्दल माझी कसलीही तक्रार नाही, हे आधीच स्पष्ट करतो. ज्या देशात 1965 पर्यंत दक्षिणेकडील कृष्णवर्णीयांना मत देण्यासाठी मार खावा लागत होता, त्या देशाने एका कृष्णवर्णीयाला सर्वोच्च पदावर निवडून दिले, तेव्हा शिकागोच्या ग्रँट पार्कमध्ये लोकांच्या डोळ्यांत पाणी आले, ते खरेच होते आणि त्याचा मान राखलाच पाहिजे. माझा आक्षेप पत्रकारितेवर आहे. मतदाराने भारावून जाणे स्वाभाविक आहे. वार्ताहराने भारावून जाणे म्हणजे त्याने आपली जागा सोडणे होय. एका दूरचित्रवाणी वाहिनीवरील ज्येष्ठ निवेदकाने तर ओबामांचे भाषण ऐकून आपल्या पायातून शिरशिरी गेल्याचे थेट प्रक्षेपणात सांगितले होते. ज्याने दुसऱ्या दिवशी त्याच नेत्याला अडचणीचा प्रश्न विचारायचा असतो, त्याच्या तोंडी असे उद्गार आले की प्रेक्षकाने कोणाच्या भरवशावर राहायचे?

या भारावलेपणाचे सर्वांत विलक्षण फळ म्हणजे 2009 चे नोबेल शांतता पारितोषिक. त्यासाठी नावे सुचवण्याची मुदत 1 फेब्रुवारीला संपत होती आणि ओबामांनी शपथ घेतली होती 20 जानेवारीला. म्हणजे नाव सुचवले गेले तेव्हा त्यांच्या कारकिर्दीला दोन आठवडेही झालेले नव्हते. आपण या सन्मानाच्या योग्यतेचे आहोत असे आपल्याला वाटत नाही, असे त्यांनी स्वतः सांगितले आणि ते त्यांच्या प्रामाणिकपणाला शोभणारे होते. 1 डिसेंबरला त्यांनी वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीत अफगाणिस्तानात आणखी 30 हजार सैनिक पाठवण्याची घोषणा केली आणि 10 डिसेंबरला ऑस्लोमध्ये पारितोषिक स्वीकारले. ऑस्लोच्या भाषणात त्यांनी युद्धाची आवश्यकता कधी असते याचीच मांडणी केली. भाषण विचारपूर्वक लिहिलेले होते. पण पारितोषिक कामाला दिले होते की प्रतिमेला, या प्रश्नाचे उत्तर त्या नऊ दिवसांतच मिळाले होते.

मला अधिक गंभीर वाटते ते पुढचे. माणूस चांगला आहे अशी आपली खात्री पटली की त्याच्या हातातली सत्ता किती मोठी आहे, तिला लगाम कोणता आहे, हे आपण पाहीनासे होतो. शपथेनंतर दोनच दिवसांनी, 22 जानेवारीला, ओबामांनी दहशतवादाच्या संशयितांना खटल्याविना डांबून ठेवलेला क्यूबातील ग्वांतानामोचा अमेरिकी तुरुंग वर्षभरात बंद करण्याच्या आदेशावर सही केली. तिथल्या कैद्यांना ठेवायचे कुठे, खटले कोणत्या न्यायालयात चालवायचे आणि यासाठी पैसा कोण मंजूर करणार, हे प्रश्न त्या सहीइतके आकर्षक नव्हते. मे महिन्यात सिनेटने 90 विरुद्ध 6 मतांनी तो निधी रोखला आणि रोखणाऱ्यांत त्यांच्याच पक्षाचे बहुसंख्य सदस्य होते. आठ वर्षांनी ते पायउतार झाले तेव्हा ग्वांतानामोत 41 कैदी उरले होते आणि तुरुंग चालूच होता. दुसरीकडे, पाकिस्तान आणि येमेनमधील ड्रोन हल्ले त्यांच्या काळात बुश यांच्या काळापेक्षा कितीतरी पटींनी वाढले. सप्टेंबर 2011 मध्ये येमेनमध्ये अल कायदाचा प्रचारक अन्वर अल-अवलाकी या अमेरिकी नागरिकाला कोणताही खटला न चालवता अशाच हल्ल्यात ठार करण्यात आले. सरकारी गुपिते पत्रकारांपर्यंत पोचवणाऱ्यांवर 1917 च्या हेरगिरी कायद्याखाली भरलेले खटले आधीच्या सर्व राष्ट्राध्यक्षांच्या काळातील एकूण खटल्यांपेक्षाही अधिक होते. यांपैकी काही गोष्टी जॉर्ज बुश यांनी केल्या असत्या, तर रस्त्यांवर मोर्चे निघाले असते. निदान सुरुवातीच्या वर्षांत तरी तसे झाले नाही, कारण करणाऱ्याचा चेहरा लोकांना आवडत होता.

त्यांच्या कारकिर्दीत मोठे काम झालेच नाही असे नाही. मार्च 2010 चा आरोग्य विमा कायदा हे खरोखरच मोठे काम होते. ते समित्यांच्या कंटाळवाण्या बैठकांतून, एकेका सिनेटरची मनधरणी करून, मतामतांचा हिशेब जुळवून झाले. त्यात बर्लिनच्या गर्दीचा काहीही वाटा नव्हता.

हे सारे ओबामांपासून सुरू झाले असेही नाही. 26 सप्टेंबर 1960 च्या केनेडी-निक्सन वादचर्चेपासून दूरचित्रवाणीवरील चेहरा हा राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचा भाग झाला आहे. रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन सरस वाटले आणि पाहणाऱ्यांना केनेडी, ही कथा तेव्हापासून सांगितली जाते. तिचा आधार मात्र एका तोकड्या पाहणीइतकाच आहे. तरुण आणि तंदुरुस्त म्हणून ज्यांची छायाचित्रे छापली जात होती, त्या केनेडींना अ‍ॅडिसनचा विकार, म्हणजे मूत्रपिंडांवरील ग्रंथींचा गंभीर आजार, होता, आणि मतदान करणाऱ्यांना तो ठाऊक नव्हता.

आपल्याकडे या वलयाचा प्रत्यय नोव्हेंबर 2010 मध्ये आला. ओबामा पतिपत्नी मुंबईत आले, 26/11 च्या हल्ल्यातून सावरलेल्या ताजमध्ये उतरले, मणिभवनला गेले आणि कुलाब्याच्या होली नेम शाळेत मुलांबरोबर कोळीनृत्यावर त्यांनी पावले टाकली. ते नृत्य वाहिन्यांवर पुन्हा पुन्हा दाखवले गेले. याच दौऱ्याबाबत महाराष्ट्र सरकारमधील एका अनामिक अधिकाऱ्याच्या हवाल्याने एक बातमी आली होती की, दौऱ्यावर दररोज 20 कोटी डॉलर खर्च होणार आहेत. या आकड्याला कोणताच आधार नव्हता, पण अमेरिकेतील ओबामाविरोधकांनी तो उचलून धरला आणि अमेरिकी संसदेच्या सदस्या मिशेल बाकमन यांनी तो दूरचित्रवाणीवर सांगितला. प्रेमाने डोळे झाकलेले असोत वा द्वेषाने, आकडा तपासण्याची गरज दोघांनाही वाटली नाही. त्या दौऱ्यातला सर्वांत नेमका प्रश्न मात्र सेंट झेवियर्स महाविद्यालयातल्या कार्यक्रमात एका विद्यार्थिनीने विचारला: पाकिस्तान अमेरिकेला इतका महत्त्वाचा का आहे की त्याला दहशतवादी राष्ट्र म्हटले जात नाही? ओबामांना उत्तर देताना शब्द जपून वापरावे लागले. पत्रकारांकडून माझी अपेक्षा याहून जास्त नाही.

2016 मध्ये याच रोगाने दुसरे रूप घेतले. डोनाल्ड ट्रम्प जानेवारी 2004 पासून एका रिअ‍ॅलिटी शोमधून घराघरांत पोचलेले होते आणि वाहिन्यांना त्यांच्याविषयी आदर असो वा नसो, प्रेक्षक हवे होते. सीबीएस या दूरचित्रवाणी कंपनीचे तेव्हाचे प्रमुख लेस मूनव्हेस फेब्रुवारी 2016 मध्ये एका परिषदेत म्हणाले की, हे अमेरिकेसाठी चांगले नसेलही, पण सीबीएससाठी फारच चांगले आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये एका रात्री डेमोक्रॅटिक उमेदवारीसाठी लढणारे बर्नी सँडर्स भाषण करत असताना केबल वाहिन्यांनी ते दाखवले नाही. ट्रम्प यांच्या सभेच्या रिकाम्या व्यासपीठावर कॅमेरे रोखलेले होते. 2008 चा जल्लोष भक्तीचा होता, 2016 चा व्यापाराचा. उमेदवाराचे अर्थसंकल्पीय प्रस्ताव दोन्ही वेळा कोणी फारसे वाचले नाहीत.

या दोन काळांना जोडणारा एक आदेश आहे, आणि त्याची चर्चा फार थोडी झाली. 1 जुलै 2016 रोजी ओबामा प्रशासनाने दहशतवाद्यांवरील हल्ल्यांचे, मुख्यतः ड्रोन हल्ल्यांचे, आकडे प्रथमच जाहीर केले: 2009 ते 2015 या काळात प्रत्यक्ष युद्धक्षेत्रांबाहेर 473 हल्ले झाले आणि त्यांत 64 ते 116 नागरिक मरण पावले. स्वतंत्र निरीक्षकांच्या मते मृतांची संख्या याहून बरीच जास्त होती. अशी माहिती यापुढे दरवर्षी जाहीर करावी, असा आदेशही त्याच दिवशी निघाला. हा कायदा नव्हता, राष्ट्राध्यक्षाच्या सहीने निघालेला आदेश होता. कायद्याची मागणी करण्यासाठी जी सात वर्षे हातात होती, ती या माणसावर विश्वास ठेवण्यात गेली होती. मार्च 2019 मध्ये ट्रम्प यांनी त्यातली ही आकडेवारी जाहीर करण्याची तरतूद आपल्या सहीने रद्द केली, आणि त्यांना त्यासाठी कोणाचेही मत मागावे लागले नाही.