पुन्हा दहा हात

मंगळवार

पहाटे सव्वापाचला पिंजऱ्याचं दार पडलं. मी पडवीत जागीच होते, तरी तो आवाज ऐकून पोटात धस्स झालं.

मनी दिवाळीपासून आमच्या परसात येते. तिरंगी आहे, म्हणजे भाटीच. तिरंगी बोका क्वचितच जन्मतो. आधी दाराची कडी वाजली तरी कुंपणापार पळायची. मग मी ठरवलं, तिच्या मागे लागायचंच नाही. रोज सातला न्हाणीमागच्या दगडावर सुकट-भाताची वाटी ठेवायची आणि दहा हात लांब, तिच्याकडे पाठ करून तांदूळ निवडत बसायचं. आठवड्याला हातभर पुढे सरकायचं. टक लावून पाहिलं की ती दबून बसे. मी डोळे सावकाश मिटून उघडले की कधी कधी तीही तसंच करी. संक्रांतीच्या सुमारास एकदा तिचं शेपूट माझ्या पोटरीला घासून गेलं, तेव्हा मी सासूबाईंना ओरडून सांगितलं होतं.

"दूध का नाही घालत गं तिला?" त्या अजून विचारतात. बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, ढाळ लागतात. मी पाणीच ठेवते.

मे महिन्यात ती माळ्यावर व्याली. चार पिल्लं. दोन बोक्याने मारली. त्या सकाळचं मला अजूनही लिहवत नाही. उरलेली दोन सहा आठवड्यांची असताना खाली आणली, मांडीवर घेऊन भरवली. या वयात माणसाचा हात लागला तर पिल्लू माणसाळतं, पुढे फार अवघड जातं. एक शेजारच्या काकूंकडे गेलं, एक आमच्याकडेच आहे. पण मांजर दोन महिन्यांत विते, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. तिची नसबंदी करायलाच हवी होती.

डॉक्टरांकडून पिंजरा आणला. चार दिवस दार सुतळीने वर बांधून तिला आतच जेवायला घातलं. खालच्या पत्र्यावर पाय पडला की दार पडतं, म्हणून वाटी पार मागच्या टोकाला. काल रात्री उपाशी ठेवलं, भूल द्यायची होती ना. आज पहाटे सुतळी सोडली आणि चिमूटभर सुकट टाकली. माझ्या हाताच्या वासावर विश्वासून ती आत गेली.

अडकल्यावर जाळीवर अशी आपटायला लागली की नाक सोललं. सासूबाईंचं जुनं लुगडं वरून घातलं तशी गप्प झाली. रिक्षात मी पूर्ण वेळ जाळीला हात लावून बसले होते. तिने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

गुरुवार

दोन रात्री न्हाणीत ठेवली. डाव्या कानाचं टोक भुलीतच कापलंय, नसबंदी झाल्याची खूण, म्हणजे हिला पुन्हा कुणी धरून फाडायला नको. टाका कोरडा आहे. संध्याकाळी दार उघडलं. फणसाखालून गेली ती गेलीच.

रविवार

शुक्रवारी वाटी तशीच. शनिवारी मुंग्या लागल्या.

आज सातला कुंपणावर तो चपटा कान दिसला. वाटी ठेवून मी मागे मागे गेले, थेट पायरीपर्यंत. तेव्हा कुठे खाली उतरली. पुन्हा दहा हात. मी पाठ फिरवली आणि सूप पुढे ओढलं.