सीडर काढून देशी गवत आणायचं, तर अर्जात काय लिहायचं

टेक्सासच्या हिल कंट्रीत माळावर माजलेली सीडरची झाडं काढून इथलं मूळचं गवत आणायचं ठरवलं, तर करवतीआधी कागद हातात येतो. शेतजमीन म्हणून कमी कर लागणारी जागा गुरं काढून वन्यजीवांसाठी राखली, तरी त्याच दरात ठेवता येते. 1995 साली मतदारांनीच तशी तरतूद मंजूर केली. अट एवढीच, की अधिवास सुधारणा, धूप नियंत्रण, पाणी, खाद्य, निवारा, भक्षक नियंत्रण आणि गणना या सात कामांपैकी किमान तीन करायची. अर्ज 1 मेच्या आत द्यायचा. इथपर्यंत सगळं सोपं आहे.

माझा अर्ज अडला तो ‘अधिवास सुधारणा’ या एका रकान्यात. करासाठी जमिनीचं मूल्य ठरवणाऱ्या मूल्यांकन कार्यालयाने ‘माहिती अपुरी’ एवढाच शेरा मारून तो परत केला. काय कमी आहे हे फोनवरही कुणी सांगेना. याचा राग मला अजून येतो, कारण दोन वाक्यांत सांगण्यासारखं होतं ते. ‘सीडर काढणार’ एवढं लिहून भागत नाही. कुठला काढणार, कुठला ठेवणार, कोणत्या महिन्यांत आणि त्या जागी काय पेरणार, हे नकाशासकट लिहावं लागतं.

आणि ते खरोखरच महत्त्वाचं आहे. सीडर म्हणजे इथला ॲश जुनिपर. उतारावरची, दरीतली जुनी झाडं ठेवायची. त्यांच्या सालीच्या धाग्यांनी सोनगालाचा वार्बलर घरटं बांधतो. हा पक्षी फक्त मध्य टेक्सासात वीण करतो आणि 1990 पासून संकटग्रस्त यादीत आहे. सपाटीवर, जिथे माती जरा खोल आहे, तिथली कोवळी गर्दी काढायची. वणवे थांबले आणि अति चराईने गवत खलास झालं, तेव्हा ती तिथे घुसली.

महिन्यांचं गणित असं: मार्च ते ऑगस्ट विणीचा काळ, म्हणून तोड नाही. फेब्रुवारी ते जून ओकला जखम करायची नाही, कारण ओक विल्ट हा ओक मारणारा बुरशीचा रोग पसरतो. उरले सप्टेंबर ते जानेवारी. हे जसंच्या तसं लिहिलं, नकाशावर ठेवायची आणि काढायची झाडं दोन रंगांत दाखवली, आणि अर्ज मंजूर झाला.

तोडताना फळं बघा. निळसर फळांचा ॲश जुनिपर सर्वांत खालच्या हिरव्या फांदीखाली कापला की पुन्हा फुटत नाही. तांबड्या फळांचा, बुडापासून अनेक खोडांचा आणि पानांवर राळेचे पांढरे ठिपके असलेला रेडबेरी जुनिपर मात्र फुटतोच. त्याचा मातीतला गड्डा उपटावा लागतो.

पेरायला लिटल ब्लूस्टेम, साइडओट्स ग्रामा, इंडियनग्रास ही इथली मूळची गवतं. बी पोत्याच्या वजनावर घेऊ नका. शुद्धता 60 टक्के आणि उगवण 70 टक्के असेल, तर जिवंत बी 42 टक्केच. म्हणजे 5 पौंड जिवंत बियांसाठी जवळजवळ 12 पौंड माल लागतो. आधी जुनिपरखालचा पाल्याचा थर दाताळ्याने ओढून काढा, नाहीतर बी मातीला टेकतच नाही. पाव इंचाहून खोल पेरू नका. तोडलेल्या फांद्या जाळण्यापेक्षा वर विरळ पसरा: ओल टिकते, माती वाहत नाही, हरणांचं तोंडही लवकर पोचत नाही.

पहिल्या वर्षी वर फारसं काही दिसत नाही, सगळी वाढ मुळांत चालते. ‘उगवलंच नाही’ म्हणून पुन्हा नांगर घालू नका. माती उकरली की केआर ब्लूस्टेम हे आशियातून आलेलं गवत आधी माजतं. आपल्याकडच्या मंडळींना खास सांगणं: चाऱ्यासाठी आपण नावाजतो ते अंजन आणि मारवेल इथे बाहेरून आणलेले आणि उपद्रवी ठरलेले आहेत. ते पेरायच्या मिश्रणात येऊ देऊ नका.

मंजुरीनंतर कार्यालय वार्षिक अहवाल मागू शकतं. म्हणून बियांच्या पोत्यावरचं लेबल जपून ठेवा आणि एकाच खुणेवर उभं राहून तोडीआधीचे, तोडीनंतरचे फोटो तारखेसह काढा.