४८ आकडी किल्ली

महिनाअखेरीचा दिवस. सकाळी सव्वानऊला लेखा विभागातून फोन आला. "ताई, माझं मशीन कसली तरी किल्ली मागतंय." आवाज शांत होता. पण पगाराची फाईल चारच्या आत बँकेकडे जायला हवी होती आणि ती त्याच मशीनवर होती, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

जाऊन पाहिलं तर निळा पडदा, वर 'बिटलॉकर रिकव्हरी' आणि खाली रिकामी चौकट. बिटलॉकर म्हणजे डिस्कला कुलूप लावून किल्लीशिवाय ती उघडू न देणारी विंडोजची सोय. कारण लगेच लक्षात आलं. आदल्या संध्याकाळी मी ऑफिसातल्या बारा मशीनचा बायोस, म्हणजे विंडोजच्याही आधी मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट केला होता. अकरांवर तो विंडोजमधूनच चढला, आणि तसा चढताना बिटलॉकर तेवढ्यापुरता थांबवला जातो. हे बारावं मशीन अपडेट घेईना, म्हणून मी पेनड्राइव्हवरून हाताने केला आणि आधी बिटलॉकर सस्पेंड केला नाही. मशीन सुरू होताना काय काय चाललं याची मापं टीपीएम चिपमध्ये जमा होत असतात. बायोस बदलला की ती मापं जुळेनाशी होऊ शकतात, आणि तसं झालं की चिप डिस्कची किल्ली सोडत नाही. अपडेट पूर्ण झाल्याचं पाहून मी मशीन बंद केलं आणि घरी गेले. बंद असल्यामुळे रात्रीचा बॅकअपही झाला नाही. फोन करणाऱ्या सहकारिणीने संध्याकाळी पगाराच्या फाईलमध्ये केलेल्या सगळ्या दुरुस्त्या त्या एकाच डिस्कवर.

कारण कळलं, पण किल्ली कुठे? आमच्या ऑफिसात बिटलॉकर कोणी चालू केलाच नव्हता. नोंदवहीत एकाही मशीनपुढे रिकव्हरी की, म्हणजे अशा वेळी लागणारी ही किल्ली, लिहिलेली नव्हती.

शेजारच्या टेबलावरचं मशीन उघडलं. बिटलॉकरच्या स्थितीची कमांड दिली तर संरक्षण चालू. तिसऱ्यावर चालू, चौथ्यावरही चालू. मग सी ड्राइव्हमधला यूजर्स फोल्डर उघडला आणि थबकले. साइन-इनच्या पडद्यावर नाव होतं 'लेखा-२', पण फोल्डरचं नाव होतं पाच इंग्रजी अक्षरांचं. पुढच्या मशीनवर तीच पाच अक्षरं. त्याच्या पुढच्यावरही तीच.

मायक्रोसॉफ्ट खात्याने विंडोज सेटअप केलं की ईमेलच्या पहिल्या पाच अक्षरांवरून यूजर फोल्डरचं नाव पडतं. पुढे ते खातं लोकल, म्हणजे फक्त त्या मशीनपुरतं, करा, त्याचं नाव बदला, फोल्डरचं नाव तेच राहतं. ही पाच अक्षरं ओळखीची होती. वर्षभर आमच्याकडे काम करून दुसरीकडे गेलेल्या मुलाचा तो खाजगी ईमेल.

मग सगळा उलगडा झाला. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपणार होता, त्याआधी बारा मशीनवर विंडोज ११ कोरं टाकायचं होतं. मी त्याला कामांची यादी दिली, त्यात एवढंच लिहिलं होतं: 'खातं तयार करणे'. कोणतं, कोणाच्या नावाचं, काही नाही. सेटअपमध्ये 'वैयक्तिक वापर' की 'ऑफिस किंवा शाळा' असा प्रश्न येतो. त्याने पहिला पर्याय निवडला, पुढच्या पडद्याने मायक्रोसॉफ्ट खातं मागितलं, बाजूला लोक खोळंबले होते, त्याने स्वतःचं दिलं. नंतर प्रत्येक मशीनवर ते खातं लोकल केलं, नावं बदलली. त्याच्या दृष्टीने काम चोख झालं होतं. पण त्या खात्याने साइन-इन झालं त्याच वेळी डिस्कचं एन्क्रिप्शन, म्हणजे बिटलॉकरचं कुलूप, आपोआप सुरू होऊन किल्ली त्याच्या खात्यात जमा झाली होती. चूक त्याची नाही, माझ्या यादीची.

फोन लावला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा उचलला. प्रवासात होता.

"ताई, माझ्या खात्यात बारा किल्ल्या दिसतायत. सगळ्यांची नावं डेस्कटॉप आणि पुढे काहीतरी अक्षरं."

मशीनची नावं आम्ही नंतर बदलली होती, त्यामुळे त्या नावांचा उपयोग नव्हता. पण निळ्या पडद्यावर 'की आयडी', म्हणजे किल्लीचा ओळखक्रमांक, असतो. त्याची पहिली आठ अक्षरं मी वाचून दाखवली, त्याने यादीत शोधली. सापडली.

रिकव्हरी की ४८ आकड्यांची, सहा-सहाचे आठ गट. तो दोन-दोन आकडे जोडून वाचू लागला, मी टाइप करत होते. तीन गट गेले. चौथा गट पडदा घेईना. "एक्केचाळीस, एकोणसत्तर, तेहेतीस," तो पुन्हा म्हणाला. गाडीच्या आवाजात मी 'एकोणसाठ' ऐकलं होतं आणि ४१५९३३ टाइप केलं होतं. किल्लीतल्या प्रत्येक गटाला ११ ने पूर्ण भाग जातो, म्हणून एक आकडा चुकला तरी तो गट तिथेच अडतो. ४१६९३३ ला भाग जातो, ४१५९३३ ला नाही. ज्याने हे असं रचलं त्याचे मी त्या क्षणी मनापासून आभार मानले. पुढचे गट एकेक आकडा सुटा वाचायला लावला. अकरा चाळीसला विंडोज उघडलं. सहकारीण काही बोलली नाही, खुर्ची पुढे ओढून कामाला लागली. फाईल अडीचला गेली.

दुपारी मी बाराही मशीन हातात घेतली. प्रत्येकावर आधी नवी रिकव्हरी की जोडली, मग जुनीचा आयडी देऊन ती काढून टाकली, म्हणजे त्या मुलाच्या खात्यातली यादी निरुपयोगी झाली. नव्या किल्ल्या ऑफिसच्या नावाच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये गेल्या आणि छापून तिजोरीतही.

सेटअपची यादी मात्र नव्याने लिहिली. आमची मशीन प्रो आवृत्तीची आहेत. प्रोमध्ये 'ऑफिस किंवा शाळा' निवडून साइन-इनच्या पर्यायांत गेलं की 'डोमेन जॉइन इन्स्टेड' असा दुवा असतो. डोमेन म्हणजे ऑफिसची सगळी मशीन आणि खाती एका जागेवरून सांभाळायची व्यवस्था. ती नसलेला माणूस त्याकडे वळणारच नाही असं ते नाव, पण त्यावर क्लिक केलं की साधं लोकल खातं बनतं, डोमेन लागत नाही. अशा खात्यावर किल्ली आपोआप कुठेच पाठवली जात नाही. बिटलॉकर आपण आपल्या हाताने चालू करायचा आणि किल्ली तेव्हाच नोंदवायची. होम आवृत्तीत हा रस्ता नाही, म्हणून ऑफिससाठी होम घेऊ नये असं मी आता ठामपणे सांगते. शिफ्ट आणि एफ-१० दाबून खातं टाळायची ती प्रसिद्ध बायपास स्क्रिप्ट मायक्रोसॉफ्टने मार्च २०२५ मध्ये चाचणी आवृत्तीतून काढल्याचं जाहीर केलं होतं. कामाच्या मशीनचा सेटअप अशा युक्तीच्या भरवशावर ठेवायला माझं मन धजत नाही.

संध्याकाळी त्या मुलाला पुन्हा फोन केला. माझ्या यादीत काय राहिलं होतं ते सांगितलं आणि त्याच्या खात्यातल्या बाराही नोंदी पुसायला सांगितल्या. फोन चालू ठेवूनच त्याने एकेक पुसली. शेवटची गेल्यावर म्हणाला, "झालं ताई, आता इथे काही दिसत नाही."