ओल, हवा आणि पिशवी: आमच्या व्यवसायाची वाटचाल

आमच्या कारखान्याच्या ऑफिसात पहिल्या दिवसापासून एक तक्रारवही ठेवलेली आहे. ग्राहकाचा फोन आला की तो काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत त्या वहीत उतरवायचे, असा माझ्या पत्नीचा नियम आहे आणि तो तिने आजवर मोडलेला नाही. आम्ही सुरुवात केली ती साध्या पॉलिथिनच्या कचरा-पिशव्यांपासून. धाकटा भाऊ मशीन सांभाळत असे, मी माल पोहोचवत असे आणि पत्नी हिशेब व ही वही पाहत असे. काही काळाने तिने वहीची जुनी पाने आमच्यासमोर उघडून ठेवली, तेव्हा एक गोष्ट ठळकपणे दिसली. पिशवी फाटली अशी तक्रार क्वचितच होती. बहुतेकांची तक्रार वासाची होती. झाकण उघडले की भपकारा येतो, गाठ मारलेली असली तरी स्वयंपाकघरात वास रेंगाळतो, बादली धुतली तरी तो जात नाही, अशी वाक्ये पानोपानी होती.

त्या वेळी आम्ही जो उपाय केला तो चुकीचा होता, आणि तो का चुकीचा होता हे समजायला आम्हाला बराच काळ लागला. आम्ही पिशवी जाड केली आणि ती ज्यापासून बनते त्या प्लास्टिकच्या दाण्यात सुगंधी द्रव्य मिसळले. वास आत कोंडला की प्रश्न सुटेल, आणि थोडा बाहेर आलाच तर सुगंध तो झाकून टाकेल, असा आमचा हिशेब होता. प्रत्यक्षात कुजका वास आणि फुलांचा वास एकमेकांत मिसळून जे तयार झाले ते दोन्हींपेक्षा असह्य होते. एका ग्राहकाने उरलेला संपूर्ण खोका परत पाठवला आणि सोबत एक वापरलेली, रिकामी केलेली पिशवीही दिली. ती उजेडात धरली तेव्हा तिच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दाटून बसलेले होते आणि तळाशी तपकिरी पाणी साचले होते. माझ्या दृष्टीने आमच्या व्यवसायाची खरी दिशा त्या पिशवीने ठरवली.

स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्यात वजनाच्या हिशेबाने बहुतांश पाणीच असते. साले, देठे, उरलेले अन्न बंद पिशवीत पडले की ते पाणी सुटते, वाफ होऊन पिशवीच्या भिंतीवर जमते आणि ओघळून पुन्हा कचऱ्यातच येते. पॉलिथिनमधून पाण्याची वाफ जवळजवळ बाहेर पडतच नाही. साचलेल्या पाण्याने कचऱ्यातील पोकळ्या भरतात, हवा आत पोहोचत नाही आणि प्राणवायूवर जगणाऱ्या सूक्ष्मजीवांची जागा प्राणवायूविना जगणारे सूक्ष्मजीव घेतात. दुर्गंधीचा मोठा भाग त्यांच्याच कामातून निर्माण होतो: प्रथिने कुजताना सडक्या अंड्यासारखा वास देणारा हायड्रोजन सल्फाइड, मरकॅप्टन वर्गातील गंधकयुक्त संयुगे आणि अमोनिया, पिष्ट आणि शर्करा आंबताना ॲसेटिक, ब्युटिरिक अशी आम्ले, मासळीच्या अवशेषांतून ट्रायमिथाइलअमाइन. हायड्रोजन सल्फाइडचा वास तर हवेत त्याचे प्रमाण अब्जात काही भाग एवढे अत्यल्प असले तरी नाकाला कळतो. म्हणजे गाठीतून निसटणारा थोडासा वायूही घरभर जाणवायला पुरेसा असतो, आणि वास कोंडून ठेवण्याची आमची कल्पना मुळातच टिकणारी नव्हती. त्याऐवजी तो तयार होण्याचा वेग कमी करायला हवा होता.

याच काळात आम्ही स्टार्च आणि पीबीएटी यांच्या मिश्रणापासून बनवलेल्या कंपोस्टेबल, म्हणजे कंपोस्ट खताच्या ढिगात विघटन पावणाऱ्या, फिल्मचे नमुने मागवले होते. पीबीएटी हा खनिज कच्च्या मालापासूनही बनणारा, पण सूक्ष्मजीवांना खाता येणारा पॉलिएस्टर आहे. तो लवचीकपणा देतो आणि स्टार्च विघटनाला मदत करतो. आमचे लक्ष वेधून घेतले ते या फिल्मच्या एका वेगळ्याच गुणाने, तो म्हणजे तिच्यातून पाण्याची वाफ पॉलिथिनच्या कित्येक पट सहज बाहेर जाते. आम्ही घरातच दोन बादल्या ठेवल्या. एक नेहमीची बंद बादली, आत पॉलिथिनची पिशवी. दुसरी सगळ्या बाजूंनी जाळीदार, आत कंपोस्टेबल पिशवी. दोन्हींत सारखाच ओला कचरा मोजून टाकला आणि रोज सकाळी काट्यावर वजन केले. पॉलिथिनच्या पिशवीचे वजन जवळपास तेवढेच राहिले, तर जाळीतल्या पिशवीचे दररोज कमी होत गेले. तिसऱ्या दिवशी पहिल्या पिशवीत पाणी साचले होते. दुसरीतला कचरा वरून सुकत चालला होता आणि वास होता तो फक्त साल सुकल्यासारखा. तीच पिशवी बंद बादलीत ठेवून पाहिली तेव्हा मात्र फायदा फारसा दिसला नाही. पिशवीइतकीच बादलीही महत्त्वाची आहे, हे आम्ही तेव्हापासून प्रत्येक ग्राहकाला आवर्जून सांगतो.

नमुना चांगला असणे आणि तोच माल स्वतःच्या मशीनवर काढणे यांत फार अंतर होते. पॉलिथिनसाठी वापरलेल्या एक्सट्रूडरमध्ये, म्हणजे दाणा वितळवून फिल्म काढणाऱ्या मशीनमध्ये, जुना माल थोडाही उरला तर तो नव्या फिल्ममध्ये उतरतो आणि मग ती पिशवी कंपोस्टेबल म्हणवून घेण्याच्या योग्यतेची राहत नाही. म्हणून आम्ही एक मशीन पूर्णपणे साफ करून कायमचे याच कामासाठी राखून ठेवले. या दाण्याचे पोते उघडे राहिले की तो हवेतली ओल ओढून घेतो. पहिल्या बॅचच्या वेळी आम्ही रात्रभर पोते तसेच उघडे ठेवले होते आणि सकाळी वितळलेल्या फिल्मचा फुगा (बबल) वर चढताना फिल्मवर बारीक फोड दिसू लागले, काही फोड फुटून भोके पडली. तापमान जास्त झाले तर स्टार्च करपून फिल्म पिवळसर होते आणि करपल्याचा वास येतो. भावाने जवळजवळ मशीनच्या प्रत्येक तापणाऱ्या भागाचे (झोनचे) तापमान नव्याने बसवले. आता तो फिल्म नुसती बोटांत चोळून सांगू शकतो की ती नीट निघाली आहे की नाही. चांगली फिल्म दुधी रंगाची, किंचित मऊ असते आणि चुरचुरत नाही.

पहिला माल बाजारात गेल्यावर तक्रारवही पुन्हा भरू लागली. वासाच्या तक्रारी कमी झाल्या. पण पाच-सहा दिवसांनी पिशवीचा तळ सुटतो, अशी नवी तक्रार आली. ती खरी होती. ओल, उष्णता आणि सूक्ष्मजीव यांच्यापुढे विघटन पावण्यासाठीच बनवलेली पिशवी ओला कचरा आत पडल्यापासून मऊ होऊ लागते. हे आम्ही ग्राहकाला आधी सांगायला हवे होते. त्यानंतर वेष्टनावर, शक्यतो दोन-तीन दिवसांत पिशवी रिकामी करावी, कचरा गरम असताना टाकू नये आणि रोल कोरड्या, थंड, उन्हापासून दूर जागेत ठेवावा, असे ठळकपणे छापू लागलो. न वापरलेली पिशवीही काळाने कमजोर होते, म्हणून प्रत्येक रोलवर उत्पादनाचा महिना असतो आणि जुना माल आम्ही दुकानदाराकडून परत घेतो. हा तोटा सोसावा लागतो, पण दुसरा प्रामाणिक मार्ग आम्हाला दिसला नाही.

मध्यंतरी एका विक्रेत्याने आम्हाला एक पूड देऊ केली होती. ती साध्या पॉलिथिनमध्ये मिसळली की पिशवी ‘आपोआप नाहीशी’ होते, असे त्याचे म्हणणे होते. ऑक्सो-डिग्रेडेबल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रकारात प्लास्टिक ऊन आणि हवेने ठिसूळ होऊन त्याचे बारीक तुकडे होतात. ते तुकडे प्लास्टिकचेच असतात. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशाने अशा प्लास्टिकवर बंदी घातली. आम्ही तो प्रस्ताव नाकारला आणि मानकांनुसार चाचणीच्या मार्गाला लागलो. युरोपच्या ईएन १३४३२ या मानकानुसार औद्योगिक कंपोस्टिंगच्या परिस्थितीत १२ आठवड्यांनंतर २ मिलिमीटरच्या चाळणीवर मूळ वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक भाग राहता कामा नये, सहा महिन्यांच्या आत किमान ९० टक्के जैवविघटन व्हायला हवे आणि तयार खतात रोपे नीट वाढायला हवीत. ही चाचणी साधारण ५८ अंश सेल्सिअसला होते, हे मी मुद्दाम सांगतो, कारण घरातला लहान ढीग सहसा इतका तापत नाही आणि त्यामुळे तिथे हीच पिशवी बराच अधिक काळ टिकते. कंपोस्टिंगची सोय नसलेल्या ठिकाणी ती डंपिंगच्या ढिगात दाबली गेली, तर तिचा अपेक्षित उपयोग होत नाही, हेही आम्ही लपवत नाही.

आता फोन येतात ते बहुधा सल्ल्यासाठी, आणि पत्नी तेच काही मुद्दे न कंटाळता सांगते. कचरा टाकण्यापूर्वी निथळून घ्यावा. पिशवीच्या तळाशी वर्तमानपत्राचा घडी केलेला कागद किंवा फाडलेला पुठ्ठा ठेवावा, म्हणजे सुटलेले पाणी तो शोषतो आणि खतासाठी कार्बनही मिळतो. आंबूस वास येत असेल तर खाण्याचा सोडा भुरभुरावा, कारण तो आम्लांना निष्प्रभ करतो. अमोनियाच्या वासावर मात्र तो फारसा चालत नाही, तिथे कोरडी पाने किंवा लाकडाचा भुसा उपयोगी पडतो. मांस-मासळीचे अवशेष कचरा उचलण्याच्या दिवसापर्यंत फ्रीझरमध्ये ठेवावेत. उष्ण हवेत माशीची अंडी एका दिवसातही फुटतात, म्हणून अशा दिवसांत पिशवी रोज बाहेर काढणेच योग्य. बादली धुऊन पूर्ण वाळू द्यावी, कारण नवी पिशवी ओल्या बादलीत ठेवली की ती खालून मऊ पडू लागते.

कारखान्याच्या मागच्या मोकळ्या जागेत आम्ही स्वतःचा एक ढीग चालवतो. घरगुती कंपोस्टिंगसाठी वेगळी मानके आहेत, ऑस्ट्रेलियाचे एएस ५८१० हे त्यांपैकी एक, आणि त्यांत कमी तापमानाला विघटन व्हावे लागते. तसा माल बनवण्याची आमची तयारी सुरू आहे. दर महिन्याला आम्ही काही पिशव्या उकरून काढतो. पिशवीचे अंग लवकर जाळीदार होते आणि हात लावताच विरते, पण तळाची शिवण आणि वरची गाठ मागे राहते, कारण तिथे फिल्मचे अनेक थर एकावर एक दाबलेले असतात. तळ गळू नये म्हणून आम्ही ताऱ्याच्या आकाराचे सील, म्हणजे घड्या घालून केलेला तळाचा जोड, घेतले होते आणि त्यानेच थर वाढवले. भाऊ सध्या कमी थरांचे, तरीही पाणी धरणारे सील बसवून पाहत आहे. मागच्या खेपेला उकरलेल्या पिशव्यांपैकी दोनच तळाशी पूर्ण विरलेल्या होत्या.