लाल मगाचा कान

काल दुपारी भांडी घासताना लाल मगाचा कान तुटला. कान हातात, बाकी मग सिंकमध्ये. घरात डिशवॉशर आहे पण माझा त्याच्यावर अजून भरवसा बसलेला नाही, तो विषय वेगळा. मगावर अर्धा पुसलेला लांडगा आणि खाली १९७४. नवरा म्हणाला टाकून दे. मी तो खिडकीत ठेवला.

हा मग गराज सेलमधला. आम्ही कॅरीत राहतो, नॉर्थ कॅरोलायनात, म्हणजे ड्यूक, कॅरोलायना आणि स्टेट या तीन कॉलेजांच्या मधल्या भागात, आणि इथे नवीन माणसाला आडनावाच्या आधी बास्केटबॉलची टीम विचारतात. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मागच्या गल्लीतल्या आजोबांनी गराज रिकामं करायला काढलं होतं. ऐंशीच्या पुढचे, डोक्यावर स्टेटची लाल टोपी, मगावरचा लांडगाही त्यांचाच. मगावर चिठ्ठी, दोन डॉलर. माझ्या मुलाच्या अंगात आकाशी टीशर्ट. आजोबांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "तू कॅरोलायनाचा होय? मग तुला पाच."

आम्ही हसलो. मग त्यांनी जरा पुढे वाकून विचारलं, "काय रे, स्टेटची मॅच असली की तुम्हा लोकांना झोप लागते का अजून?"

पोरगं चौदा वर्षांचं, खोटं बोलायचं वय झालेलं पण नेमकं तेव्हाच सुचत नाही. म्हणाला, "लागते की. आमचं ड्यूकशी आहे ना."

आजोबा गप्प झाले. टोपी काढली, परत घातली. मग म्हणाले, "मग दोनच दे."

ते तीन डॉलर मला अजून टोचतात. कारण आजोबांच्या लहानपणी ड्यूक कुठे होतं हो? तेव्हा सगळी हवा स्टेटची. एव्हरेट केस १९४६ मध्ये स्टेटचे कोच म्हणून आले आणि त्यांनी या तंबाखूच्या मुलखाला बास्केटबॉलचं वेड लावलं. जिंकल्यावर रिंगची जाळी कापून गळ्यात घालायची, हे इकडे त्यांनीच रुजवलं. त्यांना आवरायला म्हणून कॅरोलायनाने न्यूयॉर्कहून कोच फ्रँक मॅकग्वायर आणले, आणि १९५७ मध्ये कॅरोलायना ३२ पैकी ३२ मॅच जिंकून देशाचं चॅम्पियन झालं, फायनलला समोर कॅन्ससचा विल्ट चेंबरलेनसारखा खेळाडू असून. ख्रिसमसनंतर रॅली या स्टेटच्या गावात डिक्सी क्लासिक नावाची स्पर्धा व्हायची, तीन दिवस, चार इथल्या टीम आणि चार बाहेरून आलेल्या. आजोबा सांगत होते की वडिलांच्या कोटाच्या खिशात हात घालून बसायचो, थंडीमुळे नाही, भीतीमुळे. म्हणजे कॅरोलायनाच्या.

आणि १९७४! स्टेटचा डेव्हिड थॉम्पसन. कॅलिफोर्नियाचं यूसीएलए सलग सात वर्षं चॅम्पियन, त्यांना सेमीफायनलला डबल ओव्हरटाइममध्ये हरवलं. हे सांगताना आजोबांचा हात रिंगच्या उंचीवर गेला आणि गराजच्या दिव्याला लागला.

ड्यूकचं सगळं नंतरचं. कोच शेशेव्हस्की १९८० मध्ये आले, २०२२ ला गेले, मधे पाच वेळा चॅम्पियन. स्टेट १९८३ च्या चॅम्पियनशिपनंतर हळूहळू मागे पडलं, आणि कॅरोलायनाच्या पोरांना पंधरा-पाचशे-एक नंबरच्या रस्त्यावर दहा मैलांवर नवा शत्रू मिळाला, तोही श्रीमंत, बाहेरगावच्या पोरांचा आणि सारखा जिंकणारा, अजून काय पाहिजे.

माझा मामा कोल्हापुरात मंगळवार पेठेतला. मला सायकलच्या नळीवर बसवून शाहू स्टेडियमला फुटबॉल बघायला न्यायचा, नळीवर टॉवेल गुंडाळून, तरी मांडीला वळ उठायचेच. शिवाजी पेठेचं पोरगं पडलं की "नाटकं बघ गा कशी करतंय" आणि आपलं पडलं की "मेलं की गा पोरगं!" शिवाजी पेठेतल्या दुकानातून तो ब्लेडसुद्धा घ्यायचा नाही. त्याचा नातू आता रात्री दोनला उठून मँचेस्टरसाठी रडतो आणि लिव्हरपूलला शिव्या घालतो. शिवाजी पेठेतला एक पोरगा त्याचा जिगरी दोस्त, दोघं एकाच मोबाइलवर बघतात. मामाला हे कुणी सांगितलेलं नाही.

बरं, हल्लीच्या पोरांना राग धरून ठेवायची सोय तरी कुठे आहे. पूर्वी ड्यूकचा लेटनर १९८८ ते ९२ चांगला चार वर्षं होता, सावकाश द्वेष करता यायचा. आता चांगला खेळाडू एक वर्ष खेळून एनबीएला जातो. ड्यूकच्या झायनचा बूट कॅरोलायनाविरुद्ध पहिल्याच मिनिटात फाटला त्यावर आमच्याकडे आठवडाभर हसले, आणि चार महिन्यांत तो ड्यूकचा उरलाच नव्हता. माझा मुलगा तर म्हणतो खेळाडूवर राग धरू नये आई, पुढच्या वर्षी कॉलेज बदलून आपल्याकडे येऊ शकतो. हा व्यवहारीपणा आमच्या घराण्यात कुठून आला देव जाणे.

२०२४ च्या मार्चमध्ये स्टेटने कमाल केली, पाच दिवसांत पाच मॅच जिंकून एसीसी, म्हणजे आमच्या भागातल्या कॉलेजांची स्पर्धा घेतली, फायनलला कॅरोलायनालाच हरवून, ८४-७६. पोरगं रुसलं. अर्धा तास. मग पिझ्झा आला. पंधरा दिवसांनी त्याच स्टेटने देशाच्या स्पर्धेतून ड्यूकला घरी पाठवलं तर हाच घरभर नाचत होता, लाल मगात कोक ओतून.

पण मला सांगायचंय ते एसीसी फायनलच्या दुसऱ्या दिवसाचं. दुपारी चालायला गेले तर आजोबा ड्राइव्हवेत खुर्ची टाकून बसलेले, मेलबॉक्सला लाल झेंडा बांधलेला. मला ओळखलं. हात करून थांबवलं. नमस्कार नाही, हवापाणी नाही, थेट विचारलं, "पोरगं रडलं का गं काल?"

मी म्हटलं, "रडलं म्हणजे काय, रात्रभर. जेवलंसुद्धा नाही."

आजोबा इतके खूश झाले की उठून मला घरातला अर्धा केक बांधून दिला. केक पोरानेच खाल्ला.

फेविक्विक भारतातून आणलेलं होतं, कुठल्या ड्रॉवरमध्ये ठेवलंय ते सापडत नाहीये.