चेन्नईच्या रेस ट्रॅकवर पहिले दोन दिवस: आधी टायर बघा

रेसिंग कार चालवायचा दोन दिवसांचा कोर्स करून परवा रात्री पुण्यात परतलो. मान अजून आखडलेली आहे, तळहातावर फोड आहेत, आणि तरी जानेवारीत पुन्हा जायचं बुकिंग झालंय. तुमच्यापैकी कुणी जाणार असेल तर आधी पैशांचं ऐका, मी तिथेच फसलो.

'सगळं धरून' असं फोनवर दोनदा विचारून घेतलं होतं. पोचल्यावर हेल्मेट, सूट, हातमोज्यांचं भाडं वेगळं निघालं, डॅमेज डिपॉझिट वेगळं. 'पूर्ण दिवस ट्रॅकवर' म्हणजे पंधरा-पंधरा मिनिटांची चार सेशन्स. तेही चाललं असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी ब्रेक एकदम हाणला आणि पुढचं डावं चाक लॉक झालं. फॉर्म्युला एलजीबीला (आम्हाला दिलेली एकाच सीटची, उघड्या चाकांची रेसिंग कार) मारुती एस्टीमचं 1.3 लिटरचं इंजिन असतं, ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारं एबीएस नसतं. चाक फिरायचं थांबलं की रबर एकाच जागी घासतं. टायरला तळहाताएवढा सपाट चट्टा पडला आणि पुढे स्टिअरिंग असं थडथडायला लागलं की दात वाजत होते. चूक माझी, मान्य. पण तो टायर आधीच निम्म्याहून जास्त झिजलेला होता, आणि डिपॉझिटमधून कापले नव्या टायरचे पैसे! पावती मागितली तर 'मेल करतो'. अजून आलेली नाही.

म्हणून गाडीत बसण्याआधी चारही टायर, नोज (गाडीचं पुढचं टोक) आणि सस्पेन्शनचे आर्म यांचे फोटो काढा, तिथल्या माणसाला समोर उभं करून काढा. कशाचे किती कापणार ते कागदावर घ्या. भीड बाळगू नका.

ट्रॅक इरुंगट्टुकोट्टईला, चेन्नई सेंट्रलपासून साधारण 40 किलोमीटरवर. आपल्या वाकडवरून जाणारा एनएच 48 तिथूनच जातो. मुक्काम श्रीपेरुंबुदूरला करा, चेन्नईत राहिलात तर सकाळचं ट्रॅफिक जीव काढेल. लांबी 3.7 किलोमीटर, वळणं 12, सगळे त्यांना सी-वन, सी-टू असंच म्हणतात. पहिला दिवस सरळ गेला. झेंडे, गिअर, वळणातून गाडी न्यायची रेषा, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचंय ते सी-वनबद्दल. मोठ्या सरळ पट्ट्याच्या शेवटी उजवीकडे जाणारं हे वेगवान वळण. शिकवणारे सर ओरडून सांगत होते, वळणात पाय उचलू नका. मी उचलला. वेग जास्त वाटला, भीती वाटली, पाय आपोआप वर आला. गाडीचं वजन पुढच्या चाकांवर गेलं, मागची हलकी झाली आणि गाडी गर्रकन फिरली. क्लच आणि ब्रेक दोन्ही दाबून धरले, थांबलो तेव्हा तोंड उलट दिशेला होतं आणि मार्शलचा (ट्रॅकच्या कडेला उभ्या सुरक्षा कर्मचाऱ्याचा) धोक्याचा पिवळा झेंडा हलत होता. अशा वेळी बेल्ट काढू नका, मार्शल खूण करेपर्यंत बसून राहा.

यावर उपाय एकच: सगळा ब्रेक सरळ पट्ट्यावरच संपवा, गरजेपेक्षा लवकर. मग हलका ॲक्सिलरेटर धरून वळणात शिरा आणि नजर बाहेर पडायच्या टोकावर ठेवा. समोरच्या कडेकडे बघितलंत की गाडी कडेलाच जाते. पहिल्या दिवशी सी-वनला हळू जाण्यात काही बिघडत नाही, मागून वेगवान गाडी आली की आपल्याला निळा झेंडा दाखवतातच.

शेवटच्या सेशनला ते वळण तीनदा सलग नीट जमलं. तिसऱ्या वेळी हेल्मेटच्या आत मी मोठ्याने ओरडलो. त्या पाच सेकंदांसाठी सगळा खर्च वसूल.

एका दिवसाचा कोर्स घेऊ नका, हात बसायच्या आत संपतो. रोजची गाडी घेऊन ट्रॅकवर जाऊ नका: ब्रेक ऑइल उकळतं, आणि नेहमीच्या विमा पॉलिसीत रेसिंग, स्पीड टेस्टिंग धरलेलं नसतं. पातळ तळव्याचे बूट न्या, पेडल्स एकमेकांना चिकटून असतात, स्पोर्ट्स शूजमध्ये मी दोनदा ब्रेकसोबत ॲक्सिलरेटर दाबला. मानेचे व्यायाम महिनाभर आधी सुरू करा. सूटमध्ये घामाच्या धारा लागतात, ओआरएस सोबत ठेवा. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडे पावसाचे, ते टाळा.

जानेवारीत ट्रॅक तोच, शिकवणारे दुसरे. त्यांनी टायरचे दर आधीच लिहून पाठवलेत.