इनामगाव: घराच्या जमिनीखालची बाळं

पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात मी रंगीत भांडी बघायला गेले होते. जोर्वे पद्धतीची भांडी (प्रवरेकाठच्या जोर्वे गावावरून हे नाव पडलं) फोटोंत खूप पाहिली होती, प्रत्यक्षात कधी नाही. नारिंगीकडे झुकणारा लाल रंग, त्यावर काळ्या रंगात काढलेल्या जाळ्या, त्रिकोण आणि तिरप्या रेघा. वाडग्यांना मधोमध एक धार असते, तिथून भिंत एकदम वळते. आणि तोटीची भांडी तर नजर हटू नये अशी. तीन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी चाकावर भांडं काढलं, थोडं सुकू दिलं, मग वेगळी केलेली तोटी त्याला हलक्या हातानं चिकटवली. सांधा कुठे आहे ते काचेला नाक लावूनही मला नीट दिसेना.

पण त्या दिवशी मी अडकले ती दुसऱ्याच भांड्यांपाशी.

दोन राखी रांजण. रंग नाही, नक्षी नाही, अंग जाड आणि खरबरीत. आडवे ठेवलेले, तोंडाला तोंड लावून. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला त्याच काळातली घरं खणताना जमिनीखाली असे कुंभ सापडले आणि त्यांत तान्ही बाळं होती. खड्डा घराच्या आतच, कधी अंगणात. एका रांजणात मावेल एवढंच ते लेकरू, तरी दुसरा रांजण त्याच्या तोंडाला लावून पुरता बंद केलेला. सोबत बहुतेक वेळा एक तोटीचं भांडं आणि एक वाडगा. म्हणजे पाणी आणि खाणं. जे बाळ अजून अंगावर पीत असेल त्याच्यासाठीही वाडगा ठेवला होता, ह्या विचारानं मी तिथून हलेना.

तेवढ्यात एका शाळेची सहल आली. मुलं चांगली होती, पुढे येऊन खरंच बघत होती. एका मुलीनं विचारलं, "सर, बाळाला भांड्यात का घातलंय?" सर म्हणाले, "नरबळी असेल. पूर्वी अंधश्रद्धा होती ना. चला, पुढे चला." आणि मुलं पुढे गेलीसुद्धा.

मला इतका राग आला की मी त्यांच्या मागे गेले. सरांना बाजूला घेऊन, मुलांसमोर त्यांचा अपमान होणार नाही अशा बेतानं, पण स्पष्ट सांगितलं, की हा बळी नाही. इनामगावला जी दफनं मिळाली त्यांत मोठ्यांपेक्षा लहान मुलांची जास्त आहेत, कारण त्या काळी मुलं फार जायची. ताप, हगवण, दुष्काळात आईचं आटलेलं दूध. एखाद्या देवापुढे एखादं मूल कापलं असतं तर ते एका ठिकाणी, एका वेदीपाशी मिळालं असतं. इथे ती घराघरांत आहेत. ज्याच्या घरातलं बाळ गेलं, त्याच्या घरात पुरलेलं. सरांनी ऐकून घेतलं, "असेल, असेल" म्हणाले आणि घड्याळ पाहिलं. ती विचारणारी मुलगी मात्र मागे वळून बघत होती. तिला मी परत त्या कुंभांपाशी नेलं आणि वाडगा दाखवला. "बळी दिलेल्याला कुणी जेवण ठेवतं का?" असं विचारलं. तिनं मान हलवली. तेवढं एक समाधान.

संग्रहालयात गेलात तर सहलीची वेळ चुकवून जा, असं सांगणार होते. पण नको, सहलीच्या वेळीच जा. कुणीतरी तिथे असायला हवं.

मोठ्या माणसांचं दफन वेगळं. त्यांनाही घरातच पुरायचे, खड्ड्यात उताणं झोपवून, डोकं उत्तरेला. (उत्तरेकडे डोकं करून झोपू नकोस म्हणून लहानपणी किती बोलणी खाल्ली आहेत.) पण घोट्याखालचे पाय तोडलेले. मेलेला माणूस उठून निघून जाऊ नये म्हणून, असा अर्थ अभ्यासकांनी लावला आहे. पुष्कळ जण तो भुताच्या भीतीकडे नेतात. मला ते पटत नाही. ज्याची भीती वाटते त्याला माणूस गावाबाहेर नेतो, नदीपलीकडे टाकतो. आपण जिथे जेवतो, झोपतो त्या खोलीत पुरत नाही. पाय तोडले ते, मला वाटतं, "इथेच राहा" म्हणून. बाळांचे पाय तोडलेले नाहीत. चालायलाच न शिकलेलं लेकरू कुठे जाणार? रांजणांच्या तोंडाला तोंड लावलं की झालं.

एका पुरुषाची गोष्ट मात्र निराळी. गावाच्या मध्यावरचं पाच खोल्यांचं मोठं घर, त्याचं स्वतःचं धान्याचं कोठार, आणि अंगणात पुरलेला चार पायांचा मातीचा मोठा रांजण. त्यात साधारण चाळिशीचा माणूस मांडी घालून बसवलेला. त्याचे पाय शाबूत. गावाचा प्रमुख असावा असं मानतात. त्याला कुठेही जायची मुभा होती, असं मी मनाशी म्हटलं.

हे सगळं पाहिल्यावर इनामगावला न जाणं शक्यच नव्हतं. नवऱ्यानं "तिथे बघायला काय आहे?" असं विचारलं, आणि खरं उत्तर "काही नाही" असंच होतं. तरी निघालो. पुणे ते शिरूर रस्त्याबद्दल न बोललेलं बरं. वाघोली पार करण्यातच सकाळ गेली. शिरूरपासून न्हावऱ्याच्या बाजूला वळलं की जिवात जीव येतो. दोन्हीकडे ऊस, मधूनच ज्वारी, आणि घोडनदी कधी दिसते कधी लपते.

ही जागा घोड नदीच्या उजव्या तीरावर आहे. १९६८ पासून १९८३ पर्यंत डेक्कन कॉलेजच्या लोकांनी इथे हंगामामागून हंगाम खणलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर, झैनुद्दीन अन्सारी ही त्यातली मोठी नावं. शंभराहून जास्त घरं उजेडात आली. इ.स.पू. १६०० च्या सुमाराला माळवा पद्धतीची (जोर्वेच्या आधीची) भांडी वापरणारे शेतकरी इथे आले, १४०० ते १००० हा जोर्वे संस्कृतीचा भरभराटीचा काळ, आणि ७०० च्या आसपास वस्ती उठली. जवाचं पीक घ्यायचे, पुराचं पाणी अडवायला बांध घातला होता, पाण्यासाठी पाट खणला होता. भारतात एक अख्खं खेडं इतक्या मन लावून फार थोड्या ठिकाणी खणलं गेलं असेल. सगळं वाचून गेले होते म्हणून बरं, कारण डोळ्यांना दिसते ती फक्त पांढरी, म्हणजे जुन्या उठलेल्या वस्तीची जमीन. राखट माती, थोडा उंचवटा, बोरी-बाभळी, कडेला पिकं.

शेताच्या बांधावर एक मावशी शेळ्या घेऊन बसल्या होत्या. आम्ही खाली बघत चालतोय म्हटल्यावर त्यांनी हाक मारली.

"काय हारवलं का ताई?"

"नाही मावशी. इथे जुनं गाव होतं ना, ते बघायला आलोय."

"ते कालिजवाले खनायचे ते व्हय? मी लग्न हून आले तवा आमचे सासरे तितं कामाला जायाचे. ब्रशानं माती झाडायचे. आमाला हासू यायचं." मग जरा थांबून म्हणाल्या, "पन पुरल्यालं उकरू न्हाई. मला तर न्हाई पटत."

मी वाद घातला. म्हटलं, मावशी, उकरलं नसतं तर ही माणसं इथे राहत होती हे कुणाला कळलं असतं? त्यांची घरं, त्यांचा पाट, काय पिकवत होते ते. त्यांनी नीट ऐकलं आणि मग कुंभांचं विचारलं. मी हातानं दाखवलं, दोन रांजण कसे, तोंडं कशी, बाळ कसं.

"आमच्यात बी तान्हं लेकरू जाळत न्हाईत. पुरत्यात. पन घरात न्हाई कुनी पुरत."

"तेव्हा घरातच पुरायचे."

"पोरगं व्हतं का पोरगी?"

ह्याचं उत्तर मला माहीत होतं आणि ते सांगताना वाईट वाटलं. इतक्या कोवळ्या हाडांवरून मुलगा की मुलगी ते भरवशानं सांगता येत नाही. ओटीपोटाची हाडं वयात येताना वेगळी होत जातात. त्याआधी जवळजवळ सारखीच. दातांवरून किती महिन्यांचं ते कळतं, बाकी काही नाही. मावशींना हे फार खटकलं. एवढं शिकून, एवढं खणून, पोरगं की पोरगी ते कळू नये? आणि मग, माझ्याकडे न बघता, शेळीला हाकलता हाकलता म्हणाल्या, "सारवताना काय वाटत आसंल तिला."

ह्या जमिनी चोपून, सारवून ठेवलेल्या होत्या, हे मी वाचलं होतं. एकावर एक थर मिळतात. वाचताना मी ते बांधकामाचं तंत्र म्हणून वाचलं होतं. त्या बाईनं रोज, सणावाराला, पुढचं बाळ पाठीशी बांधून, त्याच जागेवरून हात फिरवला असेल, हे मला पुण्यातल्या काचेपुढेही सुचलं नव्हतं. मावशींनी घरी नेऊन चहा पाजला, शेंगा दिल्या, पैशाचं नाव काढू दिलं नाही. ह्या एका चहापुढे महामार्गावरची सगळी चकचकीत हॉटेलं मला फिकी वाटतात.

चहानंतर पुन्हा पांढरीवर गेलो. पायाखाली खापरंच खापरं. लाल खापराचा तुकडा नखानं वाजवला तर टणटणीत आवाज येतो. भट्टी चांगली तापलेली असल्याची खूण. इनामगावला भरभराटीच्या काळातली कुंभाराची मोठी गोल भट्टी मिळाली आहे. राखी खापर मात्र वाजत नाही. ते जाड, हातानं घडवलेलं, कमी भाजलेलं. आणि गंमत अशी की ह्या राखी भांड्यांचं नातं दक्षिणेकडे लागतं. कर्नाटकातल्या नवाश्मयुगीन (घासून केलेल्या दगडी हत्यारांच्या काळातल्या) गुराख्यांच्या वस्त्यांत, ब्रह्मगिरीला आणि टेक्कलकोट्याला, अशीच राखी भांडी आहेत आणि लहान मुलांना कुंभात पुरायची तशीच रीत आहे. म्हणजे चाकावरची देखणी भांडी करता येत असतानाही बाळासाठी हात गेला तो जुन्या वळणाच्या राखी रांजणाकडे. रोजच्या जेवणाखाण्यात नवी पद्धत पटकन शिरते, मरणाच्या वेळी माणूस आजीनं जे केलं तेच करतो. माझ्या माहेरी तरी हेच पाहिलं आहे.

शेवटच्या काळात सगळंच उतरत गेलं. इ.स.पू. १००० नंतर पाऊस कमी झाला असं ढवळीकरांचं मत होतं. ऐसपैस चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, भांड्यांचा घाट आणि भाजणी दोन्ही बिघडली. पण कुंभ थांबले नाहीत. दारिद्र्य आलं तरी बाळामागे दोन रांजण जातच राहिले, आणि रिकाम्या झोपडीत दोन रांजण म्हणजे केवढं!

नंतरच्या रविवारी जोर्वे आणि नेवासे ही प्रवरेकाठची, अशाच जुन्या वस्त्यांची दोन गावं एका दमात केली. प्रवरेचं पात्र सुंदर, ऊन भयंकर, बाकी सांगण्यासारखं थोडं. नेवाशाला मिळालेल्या एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तांब्याचा गंज आतल्या दोऱ्यात मुरला म्हणून दोऱ्याचे तंतूही टिकले. ती जागा नुसती लांबून पाहिली, तरी त्या माळेसाठी गेले ह्याचं मला बरं वाटतं.

तुम्ही जाणार असाल तर एकच मागणं आहे. खापर उचलून घरी आणू नका. परतताना रस्त्यावरच्या एका टपरीवर एकानं मोठ्या प्रेमानं पिशवी उघडून दाखवली. सगळी रंगीत खापरं, निवडून निवडून घेतलेली. "घ्या की ताई, दोन घ्या." मी नाही म्हटलं आणि त्यांना का ते समजावत बसले, चहा निवेपर्यंत. लोक राखी तुकड्याला हात लावत नाहीत, तो दिसायला साधा असतो. उचलतात ते काळ्या रेघांचं नारिंगी खापर. पण थर माळव्याचा, जोर्वेचा की उतरत्या काळातला, हे त्या रेघांवरून, घाटावरून आणि भाजणीवरून ठरतं. उद्या तिथे आणखी एक राखी कुंभ मिळाला, तर तो कुठल्या काळातल्या बाळाचा हे सांगणारं खापर कुणाच्या तरी शोकेसमध्ये असेल.